घोटभर पाणी तोंडात

थोरली आठ वर्षांची असताना वीज कंपनीला फोन करून, जाड आवाज काढून, "मी या घरची बाई बोलतेय," असं सांगायची, आणि वीज कंपनी ते निमूटपणे मान्य करायची. घरची खरी बाई, म्हणजे आई, शेजारी उभी असायची. इथली भाषा काही केल्या तिच्या तोंडात बसत नव्हती. बाबांना कामापुरती यायची, पण बाबा कामावर असायचे, आणि सगळी ऑफिसं नेमकी बाबा कामावर असतानाच उघडी असायची. म्हणून आईने घरच्या भाषेत सांगायचं आणि थोरलीने ते इथल्या भाषेत फोनमध्ये ओतायचं, अशी वाटणी झाली होती.

आता ओतताना पोरीने ते गाळून घेतलं तर तिला दोष कोण देईल? आई म्हणायची, "त्या मेल्यांना सांग, कालपासून घरात मिट्ट काळोख आहे. यांच्या घरात असा काळोख पडला म्हणजे कळेल!" थोरली फोनवर म्हणायची, "आमच्याकडे वीज नाही. जरा बघाल का? आभारी आहे." पलीकडचा माणूस खेकसायचा की चूक तुमचीच आहे, आधी तुमचा फ्यूज तपासा, उगाच आमचा वेळ खाऊ नका. थोरली आईला सांगायची, "ते सॉरी म्हणतायत." वीज कंपनीने कुणाला सॉरी म्हटल्याचं त्या घराबाहेर कुणी ऐकलेलं नाही. पण आईचं समाधान व्हायचं, त्या माणसाचंही व्हायचं, आणि आपण किती सभ्य माणसाशी बोललो असं दोघांनाही वाटत राहायचं.

शाळेतून बोलावणं आलं की मग काय, चोराच्या हातीच तिजोरीची किल्ली. शिक्षिका तावातावाने सांगायच्या की ही वर्गात अखंड बडबडते, दुसऱ्यांनाही बोलतं करते, हिचं काय करायचं ते आम्हाला समजत नाही. थोरली आईकडे वळून म्हणायची, "मी सगळ्यांशी मिळूनमिसळून राहते म्हणतात." आईच्या कपाळावर आठी चढायची. "एवढंच? बाई तर केवढं बोलल्या." त्यावर थोरलीचं उत्तर तयार असायचं, "यांची भाषाच लांबलचक आहे गं."

एकच गोष्ट थोरलीला कधी जमली नाही. तिला आईला हसवता आलं नाही. आई हसत नाही, ही घरातली जुनी आणि सर्वमान्य बाब होती. धाकट्याने कितीही माकडचेष्टा केल्या तरी ती ओठ घट्ट मिटायची, उठायची आणि आतल्या खोलीत निघून जायची. बाबांनीही काही वर्षं मोठ्या हौसेने विनोद सांगितले, आणि मग तेही दमले. आई कडक आहे, असं सगळ्यांनी ठरवून टाकलं, आणि कडक आईला जरा जपूनच वागवायला हवं, म्हणून थोरली आणखी गाळून बोलू लागली.

अशी ती मोठी झाली आणि एका लॉन्ड्रीत इस्त्रीला लागली. मनगटावर डाग, पायात गोळे, आणि मालक दिवसभर मानेमागे उभा. अशातच गावातल्या मोठ्या हॉस्पिटलने दुभाष्यांचा वर्ग काढला. ज्यांनी लहानपणापासून घरच्यांसाठी बोलण्याचं काम केलंय, त्यांनी यावं, शिकावं, आणि जे पास होतील त्यांना हॉस्पिटल कामावर घेईल. थोरलीने ते ऐकलं आणि तिचा जीव अडकला तो अडकलाच. जन्मभर जे फुकटात केलं त्याला कुणीतरी पहिल्यांदाच काम म्हणत होतं. तिला ती नोकरी हवी होती, आणि किती हवी होती ते घरात कुणाला सांगायचीही तिला भीती वाटत होती.

वर्ग भरायचा हॉस्पिटलच्या जुन्या दातांच्या दवाखान्यात. दातांचे डॉक्टर नव्या इमारतीत गेले, पण त्यांची खुर्ची जमिनीत अशी घट्ट रोवलेली होती की ती तिथेच राहिली. बाजूला चूळ भरायचा पांढरा वाडगा, काचेचे पेले, वर एक मोठा दिवा. सरावात जो रुग्ण होईल त्याने त्या खुर्चीत बसायचं. पायाशी एक दांडी होती, तिला टाच लागली की खुर्ची धाडकन मागे कलायची आणि रुग्ण बोलता बोलता छताकडे बघू लागायचा. पहिल्या आठवड्यात सगळ्यांनी त्यावर हसून घेतलं. पुढे पुढे माणूस आडवा झाला तरी कुणी वाक्य तोडेना.

शिकवणाऱ्या बाई कोर्टातून निवृत्त झालेल्या. उभा जन्म त्यांनी आरोपींची बोलणी कोर्टाला ऐकवली होती. "हो, मीच मारलं त्याला," हे वाक्य त्या इतक्या वेळा आणि इतक्या मनापासून बोलल्या होत्या, की त्या भाजी चिरत असल्या तर पाहुणे जरा लांबच उभे राहत. त्यांचा नियम एकच. "जेवढं आलं तेवढं गेलं पाहिजे. कमी नाही, जास्त नाही. समोरचा 'मी' म्हणाला की तुम्हीही 'मी' म्हणा. शिवी आली तर शिवी द्या. मधे तुम्ही नाहीच."

हे ऐकून वर्गाच्या नाकी नऊ आले. कारण इथे जमलेल्या सगळ्यांची एकेक खोड होती, आणि तिच्याच जोरावर प्रत्येकाने आपलं घर चालवलं होतं. एकाला प्रश्न विचारायचा अवकाश, तो रुग्णाला न विचारताच उत्तर देऊन मोकळा व्हायचा. घरी काकूची सगळी दुखणी त्याला पाठ होती ना! थोरलीच्या शेजारी बसणारी मुलगी लहानपणापासून चुलत्याचे तंटे ऑफिसांत मांडत आलेली. रुग्ण म्हणाला "गुडघा दुखतो," तर ही म्हणायची, "गुडघा दुखतो, आणि मागच्या वेळी तुम्ही नीट तपासलं असतं तर ही वेळ आली नसती." तिला सगळे वकील म्हणत. आणि थोरली? थोरली धुवायची. रुग्णाचं बोलणं धुऊन, इस्त्री करून, घडी घालून डॉक्टरांच्या हातात द्यायची.

"हे काय आहे?" बाई विचारायच्या. "त्याने डॉक्टरांना गाढव म्हटलं. ते गाढव कुठे गेलं?"

"बाई, तो दुखण्यामुळे बोलला."

"मग दुखण्यासकट गाढव इकडे आण!"

एकदा मात्र वर्ग सुटताना बाई तिच्याजवळ थांबल्या आणि वेगळ्याच आवाजात म्हणाल्या, "तुम्ही घरी जे केलंत ना पोरींनो, ते भाषांतर नव्हतं. तो संसार होता. आता तो जरा खाली ठेवा." थोरलीला ते फार लागलं. बसमध्ये घरापर्यंत ती खिडकीकडे तोंड करून बसली.

बाईंच्या परीक्षेचे दोन भाग होते. पहिल्या भागात दुसऱ्या कुणाच्या तरी नातेवाइकासाठी बोलायचं. दुसरा भाग गप्प बसायचा. कारण हॉस्पिटलात नियम असा, की स्वतःच्या माणसासाठी दुभाष्याने बोलायचं नाही. दुसऱ्याला बोलू द्यायचं आणि मधे तोंड घातलं तर नोकरी गेली. म्हणून प्रत्येकाने घरातलं एक माणूस आणायचं, आपलं माणूस खुर्चीत बसलं की आपण पेल्यातलं पाणी घोटभर तोंडात घ्यायचं, आणि संपेपर्यंत ते तसंच धरून बसायचं. दुनिया मूग गिळून गप्प बसते, पण बाईंचा मुगावर विश्वास नव्हता. "मूग गिळले की तोंड मोकळं होतं," त्या म्हणायच्या. "पाणी धरा. बोलायला निघालात की मला दिसलं पाहिजे."

सरावात थोरली दरवेळी नापास झाली. खुर्चीत सोम्यागोम्या कुणीही असो, कुणी चुकीचा शब्द वापरला की तिचा घोट गट्कन खाली जायचा आणि ती सुरू व्हायची, "अगं तसं नाही, त्यांना म्हणायचंय की..." एका दुपारी तिने इतके पेले रिचवले की घरी जाताना तिच्या पोटात पाणी वाजत होतं. आणि हे तर परक्यांच्या बाबतीत! परीक्षेला खुर्चीत प्रत्यक्ष आई बसणार होती.

रुग्णांना बाईंनी आधीच दुखणी वाटून दिली होती. आईच्या वाट्याला पोटदुखी आली. "मला खोटं बोलायला लावते तुझी बाई," आई म्हणाली, पण आठवडाभर ओट्यापाशी उभी राहून ती पाठ करत होती. "जेवलं की दुखतं, झोपलं की थांबतं. जेवलं की दुखतं, झोपलं की थांबतं."

परीक्षेच्या दिवशी सगळे नातेवाईक बाहेरच्या बाकावर बसले. आत एकावेळी मोजकी माणसं: बाई, परीक्षेसाठी बोलावलेल्या एक तरुण डॉक्टरीणबाई, रुग्ण, दुभाषा, आणि पाणी धरलेलं ते एक अभागी. थोरलीला बोलायचं होतं वकिलाच्या काकांसाठी. काका खुर्चीत बसले, त्यांनी डॉक्टरीणबाईंना खालून वर न्याहाळलं आणि म्हणाले, "ही कालची पोर मला काय तपासणार? हिची आई कुठाय?"

थोरलीच्या कानशिलांतून वाफ निघाली. जिभेवर 'आपण फार तरुण दिसता' हे वाक्य कडक इस्त्रीत तयार होतं. समोर वकील, गाल फुगवून, डोळे विस्फारून बघत होती. थोरलीने डोळे मिटले आणि म्हणाली, "ही कालची पोर मला काय तपासणार? हिची आई कुठाय?"

"घरी आहे," डॉक्टरीणबाई हसत म्हणाल्या. "ती शिंपीण आहे. तुम्हाला शिवून घ्यायचं असेल तर बोलावते." थोरलीने तेही जसंच्या तसं दिलं, आणि काका त्यानंतर गोगलगाईसारखे मऊ झाले. संपलं तेव्हा बाईंनी नुसती मान हलवली. म्हणजे अर्धा किल्ला सर झाला होता. उरलेला अर्धा दारातून आत येत होता, स्वेटरची बटणं गळ्यापर्यंत लावून, पर्स पोटाशी धरून.

आई बसली. वकील तिच्या बाजूला उभी राहिली. थोरलीने पेला उचलला, घोट घेतला आणि कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून दोन्ही हातांनी स्टुलाची कड पकडली.

पोटदुखी झकास झाली. जेवलं की दुखतं, झोपलं की थांबतं. वकील पदरचं काही न घालता बोलत होती, थोरलीच्या घशाशी दोनदा गडबड झाली, पण घोट जागेवर होता. मग डॉक्टरीणबाईंनी, डॉक्टर सवयीने विचारतात तसं, विचारलं, "आणखी काही त्रास?"

आईने थोरलीकडे पाहिलं. फुगलेल्या गालांकडे नीट, बराच वेळ पाहिलं. मग वकिलाला विचारलं, "हिला आता मधे बोलता येत नाही ना?"

"हिला आता मधे बोलता येत नाही ना?" वकिलाने डॉक्टरीणबाईंना विचारलं.

"कुणाला?" डॉक्टरीणबाई गोंधळल्या.

बाई म्हणाल्या, "नाही येत. बोला तुम्ही."

"मग सांगते," आई म्हणाली. "पोटबीट काही दुखत नाही माझं. ते बाईंनी शिकवलंय. मला हसले की कपड्यांत होतं. शिंकले तरी होतं, बसमागे धावले तरी होतं. धाकटा झाला तेव्हापासून. म्हणून मी हसतच नाही. हसू आलं की उठून आत जाते."

वकिलाने ते सगळं सांगितलं. "मला हसले की कपड्यांत होतं," ती म्हणाली, इतक्या साधेपणाने की जणू तिलाच होत होतं. एक शब्द जास्त नाही, एक कमी नाही.

डॉक्टरीणबाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं. "हे पुष्कळ बायकांना होतं हो. व्यायाम आहेत, उपाय आहेत. इतकी वर्षं डॉक्टरांना सांगितलं का नाहीत?"

"कुणाच्या तोंडून सांगू?" आई म्हणाली. "ही आठ वर्षांची होती. पुढचे दात पडलेले. त्या तोंडात मी हे घालू? डॉक्टरांनी विचारलं की मी म्हणायचे, डोकं दुखतंय. डोकं कसं, स्वच्छ असतं. लेकराला सांगायला बरं. पुढे ही मोठी झाली, पण तोवर माझं डोकंच दुखायचं असं सगळ्यांचं ठरून गेलं होतं."

थोरली स्टुलावर बसून ऐकत होती. आईचं डोकं! घरातला एक अख्खा खण डोकेदुखीच्या गोळ्यांनी भरलेला होता. डॉक्टरांपुढे त्या डोक्याचं वर्णन करण्यात थोरलीचा हातखंडा होता. आईला शोभेल अशी सभ्य, टापटीप डोकेदुखी तिने किती वेळा मांडली होती. आपण आईचं बोलणं धुतो, असं तिला जन्मभर वाटत आलं होतं. आईने ते तिच्या हातात देण्याआधीच धुऊन ठेवलेलं असायचं. आणि त्यापायी आईचं हसायचंच राहून गेलं होतं, बाबांच्या सगळ्या विनोदांना, धाकट्याच्या सगळ्या माकडचेष्टांना. थोरलीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. तोंडातलं मात्र तिने धरून ठेवलं.

आईचं तिच्याकडे लक्ष गेलं. "अगं, रडू नकोस अशी," ती म्हणाली. "आधी ते पाणी गिळ बघू. ठसका लागेल."

आणि वकील, आज नियमाला जागायचंच असं ठरवून आलेली वकील, डॉक्टरीणबाईंकडे वळून म्हणाली, "अगं, रडू नकोस अशी. आधी ते पाणी गिळ बघू. ठसका लागेल."

आता झालं होतं असं, की डॉक्टरीणबाईंचेही डोळे भरून आले होते. आपलं रडू या मावशींना दिसलं आणि त्या आपल्याला समजावतायत, असं त्यांना वाटलं. टेबलावर बाईंचा पेला होता. त्यांनी तो मुकाट्याने उचलला आणि शहाण्या मुलीसारखा गटागटा रिकामा केला.

"हिने का प्यायलं?" आईने विचारलं.

"हिने का प्यायलं?" वकिलाने विचारलं.

"तुम्हीच सांगितलंत ना!" डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"तुम्हीच सांगितलंत ना!" वकिलाने आईला सुनावलं.

आईने ओठ घट्ट मिटले. ते मिटणं थोरलीच्या ओळखीचं होतं. आता आई उठणार आणि आत जाणार. पण इथे आतली खोली कुठली? आईने उठायला म्हणून पाय टेकवला, टाच दांडीला लागली, आणि खुर्ची धाडकन मागे गेली. आई आडवी, पर्स छातीवर, बूट दिव्याच्या दिशेने. आणि त्या आडव्या आईमधून एक आवाज निघाला. थोरलीने तो कधीच ऐकला नव्हता. जाडाभरडा, खडखडीत, बिनइस्त्रीचा आवाज. आई हसत होती. हुंदके देऊन देऊन, पाय झाडत, हसत होती.

थोरलीचा बांध फुटला. घोट कारंज्यासारखा उडाला आणि थेट बाईंच्या चष्म्यावर पडला.

"झालं!" आई हसता हसता ओरडली. "झालं गं बाई, झालं!"

"झालं गं बाई, झालं!" वकीलही ओरडली.

"होऊ द्या!" डॉक्टरीणबाई डोळे पुसत म्हणाल्या.

"होऊ द्या!" वकिलाने आईला सांगितलं. आणि आईने होऊ दिलं. दार उघडून बाकावरचे सगळे नातेवाईक आत डोकावले, वकिलाचे काका सर्वांत पुढे, तरी आईला थांबता येईना.

सगळं आवरलं, आई थोरलीचा कोट कमरेभोवती गुंडाळून बाकावर जाऊन बसली, तेव्हा थोरली बाईंसमोर मान खाली घालून उभी राहिली. लॉन्ड्रीची वाफ तिला आत्ताच नाकाशी जाणवत होती. बाई शांतपणे चष्मा पुसत होत्या.

"नियम काय आहे?" त्यांनी विचारलं.

"मधे बोलायचं नाही."

"बोललीस?"

थोरलीने आठवून पाहिलं. "नाही."

"पाणी सांडलं, शब्द सांडला नाही," बाई म्हणाल्या. "पास. फरशी मात्र तूच पुसायची."

आईची तपासणी पुढच्या सोमवारी हॉस्पिटलात ठरली. दुभाषी म्हणून आली वकील, छातीवर नवा कोरा बिल्ला लावून. तसाच बिल्ला थोरलीच्याही पर्समध्ये होता, पण आज तो लावायचा नव्हता. खोलीत भिंतीशी एक जादा खुर्ची होती. थोरली तिच्यावर जाऊन बसली, आणि हातांचं काय करावं ते तिला कळेना. आईने न बघताच हात लांब करून तिचा एक हात आपल्या मांडीवर ओढून घेतला.

नर्सने मान वर केली आणि इथल्या भाषेत थोरलीला विचारलं, "तुम्ही यांच्या कोण?"

सवयीने थोरलीचा आवाज जाड होऊ लागला होता. तिने तो आवंढ्यासारखा गिळला.

"मुलगी," ती म्हणाली, आणि पुढे काहीच जोडलं नाही.